भिंत न तपासणारे तज्ज्ञ

घरात विजेची जोडणी करायला परवानाधारक ठेकेदार लागतो. त्याच घराच्या भिंतीत मुरलेलं पाणी अडवायला मात्र कुणीही चालतो, ही गोष्ट मला संतापजनक वाटते. जबलपुरात एका कंपनीनं घेतलेल्या वॉटरप्रूफिंगच्या प्रशिक्षणाला मी स्वतः बसलो आहे. हॉटेलचं सभागृह, पडद्यावर बादल्यांची चित्रं, दुपारी जेवण, संध्याकाळी टी-शर्ट आणि प्रमाणपत्र. दिवसभरात एकाही ओल्या भिंतीला कुणी हात लावला नाही. मालाच्या बादलीत निघणाऱ्या बक्षिसी टोकनचे पैसे मोबाइलवर कसे जमा होतात, हे मात्र नीट समजावून सांगितलं. माल खपवण्यासाठी माणसं तयार करण्याचा हा उद्योग आहे आणि त्याची किंमत जबलपुरातल्याच आमच्या गोरखपूर भागातली घरं मोजताहेत.

इथल्या जुन्या गल्ल्यांत हिंडून बघा. थरावर थर चढत रस्ता वर आला आणि घरांची जोती खाली गेली. जोत्यावरचा ओलरोधक थर भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान १५ सेंटिमीटर उंच हवा. अनेक घरांत तो आता रस्त्याच्या पातळीखाली गाडला गेलाय. कित्येक जुन्या घरांत तो कधी नव्हताच. मग विटांच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं, येताना जमिनीतले क्षार आणतं. पाणी उडून जातं, लोणा भिंतीत राहतो आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. अशा भिंतीला आतून जलरोधक रंग फासला की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते आणि ओल आणखी वर सरकते. शेजारच्या काकूंच्या घरी हेच झालं. कमरेपर्यंतची ओल पुढच्या पावसाळ्यात खांद्यापर्यंत आली. काम करणाऱ्याकडे प्रमाणपत्र होतं. बाहेर जाऊन रस्त्याची पातळी बघायची असते, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्या मिस्त्रीला मी दोष देत नाही. गच्चीवर भर उन्हात, हातमोज्यांशिवाय, गॅसच्या ज्वाळेनं डांबरी शीट चिकटवताना धूर छातीत घेणारा तोच असतो आणि काम फसलं की शिव्याही त्यालाच. संताप आहे तो त्याला अर्धवट शिकवून घराघरांत पाठवणाऱ्यांवर.

ओल तळातून चढतेय, पावसाची आहे, फुटक्या नळाची आहे की कोंडलेल्या वाफेची, हे ओळखणं म्हणजे या कामाचा निम्मा भाग. विजेवर चालणारं ओल मोजायचं यंत्रसुद्धा क्षारांमुळे फसतं. त्यात २२ मे १९९७ च्या भूकंपानं जबलपुरातली कितीतरी घरं तडकली; त्या भेगा नुसत्या वरून लिंपल्या असतील, तर पाऊस तिथूनही आत येतो. हे सगळं एका दिवसात कोण शिकेल?

ज्ञानाची टंचाई नाही. आयएस ३०६७ हे भारतीय मानक याच विषयावर आहे. जोत्यावर १:२:४ प्रमाणाचं ४० मिलिमीटर काँक्रीट आणि त्यावर चौरस मीटरला १.७ किलो गरम डांबर, इतका बारकावा केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कागदांत आहे. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे, २०१५ पासून स्किल इंडियाचा गजर आहे. ब्रिटनमध्ये ओलीची पाहणी करणाऱ्यांसाठी वेगळी परीक्षा आहे, आणि तिथेही उपचार विकणाऱ्यानंच निदान करावं का, यावर वाद होतो. आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारतसुद्धा नाही.

गवंडीकाम येणाऱ्याला जाणत्या माणसाच्या हाताखाली निदान एक पावसाळा काढायला लावा. परीक्षा खऱ्या ओल्या भिंतीवर घ्या आणि ती माल विकणाऱ्या कंपनीच्या हाती मुळीच देऊ नका. त्यानं केलेलं काम पुढचा पावसाळा संपल्यावर तपासा, मगच पक्कं प्रमाणपत्र द्या. नगर निगमनं अशा कारागिरांची यादी लावावी. तोवर गोरखपूरकरांनी एवढं करावं: ओल कुठून येते हे जो कागदावर लिहून देणार नाही, त्याच्या हातावर आगाऊ पैसे ठेवू नयेत.