होमपेजवरची हिरवळ

शुक्रवारी ऑफिसातून थेट स्टेशन गाठलं, संध्याकाळची हुतात्मा पकडली आणि सोलापूर. शनिवारी जुळे सोलापुरात मावशीकडे जेवण. कडक भाकरी, शेंगा चटणी, वर दही. आणखी काय पाहिजे आयुष्यात?

माझ्या मावसभावाला मात्र पाहिजे होतं. स्वारी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. लॅपटॉपवर एका वेळी अकरा युनिव्हर्सिट्या उघडून बसला होता. "ताई, हे बघ, काय सॉलिड कॅम्पस आहे!"

बघितलं. हिरवंगार लॉन, लाल विटांची इमारत, झाडाखाली तीन पोरं खळखळून हसतायत. एक गोरा, एक आफ्रिकन, एक आपल्यासारखी दिसणारी मुलगी. दुसरी साइट उघडली. लॉन तेच, विटा त्याच, हसणारे तिघेच. फक्त टीशर्टचे रंग वेगळे!

मागून मावशी डोकावली. "एवढे का हसतायत सगळे? परीक्षा नसतात का तिथे?" आणि पाठोपाठ दुसरा बॉल, थेट यॉर्कर : "खोलीचं भाडं किती ते लिहिलंय का?"

बॉस, आम्ही दोघं शिकलेसवरलेले. ते भाडं शोधायला आम्हाला वीस मिनिटं लागली. 'स्टुडंट लाइफ'मध्ये जिम दिसली, चढायची भिंत दिसली, पिझ्झा दिसला. भाड्याच्या पानावर एकच वाक्य : परिसरानुसार बदलते. झालं समाधान?

गंमत एवढ्यावरच संपली असती. पण काकांनी होटगी रोडवरच्या प्लॉटचे कागद शैक्षणिक कर्जासाठी बँकेत ठेवायचं ठरवलंय. रिटायर झाल्यावर तिथे घर बांधायचं होतं. म्हणजे त्या तीन हसऱ्या चेहऱ्यांवर एक अख्खा प्लॉट लागलाय.

पुण्यातलं कॉलेज निवडताना आपण निदान एकदा गेटपर्यंत जाऊन येतो. कँटीनचा चहा पितो, एखाद्या सीनियरला गाठतो. परदेशातल्या कॉलेजचं गेट सोलापुरातून बघायचं कसं? मग वेबसाइट हेच गेट, तेच कँटीन आणि तोच सीनियर. फी भरेपर्यंत बहुतेकांनी तेवढंच पाहिलेलं असतं. युनिव्हर्सिट्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून होमपेज म्हणजे लग्नासाठी काढलेला फोटो. खोटा नसतो हो, पण रोज सकाळी उठल्यावरचाही नसतो.

कधीकधी मात्र खोटाच असतो. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' नावाची संस्था होती. वेबसाइट झकास, फेसबुक पेज हजर, परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ शकणाऱ्या संस्थांच्या सरकारी यादीत नावही होतं. नव्हते फक्त वर्ग आणि शिक्षक. जानेवारी २०१९ मध्ये उघड झालं, की व्हिसातले गैरप्रकार पकडायला अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यानेच ती उभी केली होती. नाव घातलेले सुमारे सहाशे जण, त्यात बहुतेक भारतीय. वर्ग नाहीत हे त्यांना माहीत होतं, असं सरकारचं म्हणणं. आम्हाला जाळ्यात ओढलं, असं विद्यार्थ्यांच्या बाजूचं. खरं-खोटं काहीही असो, चकाचक वेबसाइट आणि यादीतलं नाव एवढ्यावर विसंबायचं नाही, हा धडा घ्यायला आपलं काय जातं?

आता १४० वर्षं मागे चला. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, अमेरिकेला निघाल्या. गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिथल्या मासिकात छापलं गेलं होतं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांनी ते दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या असताना वाचलं आणि पत्रव्यवहार सुरू झाला. अमेरिकेत उतरल्यावर आनंदीबाई आधी त्यांच्याच घरी राहिल्या. मग फिलाडेल्फियाचं महिला मेडिकल कॉलेज, आणि १८८६ मध्ये डॉक्टर. कॅम्पसचा व्हिडिओ नव्हता. खऱ्या प्रश्नांना उत्तरं देणारं एक माणूस मात्र होतं.

"म्हणजे वेबसाइट बंद करू?" मावसभाऊ वैतागला. अरे, नाही! माणसांची माहितीही शिळी होते. २०१९ ला गेलेला सीनियर छातीठोकपणे सांगतो, जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत फी नसते. पुष्कळ ठिकाणी ते आजही खरं आहे. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो. हे सीनियरला माहीत असेलच असं नाही, वेबसाइटवर मात्र लिहिलेलं असतं. शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटला दाखवावे लागतात. २०२४ मध्ये ती रक्कम ११,९०४ युरो झाली. लॉनच्या फोटोखाली हा आकडा सापडणार नाही.

तर फंडा सिंपल आहे. फी, तारखा, नियम वेबसाइटवरूनच घ्यायचे, तेही कंटाळवाण्या पानांवरून. फीच्या पत्रकावर साल कोणतं? आवडलेला विषय या वर्षीच्या टाइमटेबलमध्ये आहे का? शिकवणाऱ्या प्रोफेसरांची नावं दिसतात का? त्यातल्या एकाला नीट मेल टाका. उत्तर येतं की नाही, यावरूनही थोडं कळतं. आणि राहणं, खाणं, पार्ट टाइम काम, एकटेपणा हे सगळं गेल्या दोन बॅचमध्ये तिकडे गेलेल्या माणसाला विचारायचं.

रविवारी अकरापैकी सात टॅब बंद झाले. मावसभावाने कॉलेजच्या एका सीनियरला शोधून मावशीचे प्रश्न जसेच्या तसे पाठवले. दुपारी, मी परतीची बॅग भरत असताना, उत्तर आलं : "खोली मिळायला दोन महिने लागले, तोवर मित्राकडे जमिनीवर झोपलो. डिसेंबरमध्ये चार-सव्वाचारलाच अंधार पडतो. लॅब मात्र एक नंबर. फेब्रुवारीपासूनच खोली शोधायला लाग."

मावशीने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग काकांकडे वळून म्हणाली, "हा पोरगा हसत नाहीये. याला अजून विचारा."