उलट बोलूनही घरात राहणारी सून

चळवळीतल्या बाईला आवडतं पुस्तक विचारलं तर ती चटकन सांगते. आवडती टीव्ही मालिका विचारली की मात्र जरा घुटमळते. मी सांगूनच टाकते. 'हम पांच', 'तू तू मैं मैं' आणि 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या माझ्या लाडक्या मालिका. त्यांचे जुने भाग मी आजही मोबाइलवर लावते. पुढे कोण काय बोलणार ते पाठ असतं, तरी हसते. खरं तर पाठ असतं म्हणूनच हसते.

आमच्या गटात यावरून मध्यंतरी चांगलीच जुंपली. एक मैत्रीण म्हणाली, "ज्या घरातून बाहेर पडायला आपण बायकांना बळ देतो, त्याच घराचं कौतुक तू रात्री बघत बसतेस." तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून आधी त्याच बाजूने बोलते.

'हम पांच' 1995 मध्ये झी टीव्हीवर सुरू झाली. अशोक सराफ यांचे आनंद माथुर आणि त्यांच्या पाच मुली. पाच मुलींचा बाप म्हणजे गांजलेला माणूस, हा तिथला मूळ विनोद. गर्भलिंगचाचणीविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात 1988 साली आला, देशात 1994 साली. तो कायदा यावा म्हणून बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि वर्षभरात पाच मुली हा विनोदाचा विषय होऊन दिवाणखान्यात आला. त्यातली थोरली मीनाक्षी तर स्त्रीमुक्तीवाली! तिने हक्कांची भाषा सुरू केली की हशा ठरलेला. म्हणजे हसू आपल्यावरच होतं.

आणखी एक गोष्ट मला टोचते. भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याशी बोलणारी माथुरांची दिवंगत पहिली बायको म्हणजे प्रिया तेंडुलकर. 1985 साली दूरदर्शनवर 'रजनी' होऊन दुकानदारांना, कचेऱ्यांना जाब विचारणारी हीच ती. दहा वर्षांत ती चौकटीत गेली. पण गंमत बघा, चौकटीतही ती गप्प बसली नाही. नवऱ्याला टोमणे मारायचं तिने सोडलं नाही.

'तू तू मैं मैं' 1994 सालची. सासू रीमा लागू, सून सुप्रिया पिळगांवकर. रीमा लागूंचा जन्म 1958 चा, सुप्रियांचा 1967 चा. नऊ वर्षांनी मोठी बाई सासू झाली! पडद्यावर बाईचं तरुणपण केवढं आखूड असतं, ते एवढ्या एका हिशेबातून कळतं. आणि टिपऱ्यांच्या घरात आबा रोजनिशी लिहितात, सगळ्यांच्या गमती टिपतात. दिलीप प्रभावळकरांचे आबा मला फार आवडतात. तरी प्रश्न पडतोच : श्यामलाने रोजनिशी लिहायची ठरवली असती, तर तिला वेळ कधी मिळाला असता?

एवढं सगळं दिसतं, तरी मी बघते. का?

पहिलं कारण अगदी साधं आहे. बाईला मिळणारा वेळ तुकड्यातुकड्यांचा असतो. कुकरच्या दोन शिट्यांमधला, मेथी निवडतानाचा, मुलाचा अभ्यास घेता घेता चोरलेला. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून अर्धी मालिका बघितलेल्या कितीतरी जणी आपल्यात असतील. गंभीर सिनेमा सलग बसून पाहावा लागतो. ओळखीची विनोदी मालिका मध्येच सोडून उठलं तरी रुसत नाही. परत आलं की काजल भाईची दादागिरी चालूच असते, आणि शेजारीण 'आंटी' म्हटल्यावर पूर्वीसारखीच चिडते. आपल्यासाठी काहीतरी थांबून राहिलंय, हे सुख बाईच्या वाट्याला फारसं येत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'तू तू मैं मैं'मधली राधा सासूला फाडफाड उत्तरं देते, डावावर प्रतिडाव टाकते. आणि पुढच्या भागात ती त्याच घरात असते. तिला माहेरी पाठवून दिलेलं नसतं. तिचं सामान दाराबाहेर पडलेलं नसतं. मीनाक्षी वाटेल ते बोलते, तरी तिच्या ताटात जेवण पडतं. या घरांत भांडण होतं, पण भीती नसते. आपल्या केंद्रावर येणाऱ्या बायकांना विचारून बघा, उलट बोलण्याची किंमत काय मोजावी लागते ते. ज्या घरात ती मोजावी लागत नाही, ते बघताना बाई मठ्ठ होत नाही, सैल होते. हे दोन वेगळे आहेत.

2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'श्रीमान श्रीमती' आणि 'देख भाई देख' पुन्हा दाखवल्या. घरोघरी लोक जुने विनोद बघून हसत होते. त्याच दिवसांत राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या होत्या. पडद्यावरचं बंद घर आणि पडद्यासमोरचं बंद घर यांतलं अंतर तेव्हा जितकं उघडं पडलं, तितकं क्वचितच पडलं असेल.

म्हणून माझं म्हणणं असं, की या विनोदात मिळणारा दिलासा खोटा नाही, अपुरा आहे. दर भागाच्या शेवटी सगळं होतं तिथेच परत येतं. बाप गांजलेला, सासू-सून झुंजलेल्या, ओट्याशी बाईच. आपल्याला हे बदलायचं आहे. पण राधाचं एक आपल्याला हवंच आहे : भांडल्यावरही घर आपलं राहणं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, तो याचसाठी. विनोदी मालिकेत जे गृहीत धरलेलं असतं, त्यासाठी खऱ्या बाईला कोर्टाची पायरी चढावी लागते.

तेव्हा गटाच्या बैठकीत एकदा भाषण बाजूला ठेवून एखादा जुना भाग सगळ्याजणींनी मिळून बघावा असं मला वाटतं. आधी पोटभर हसावं. मग एकमेकींना विचारावं : आपण कुणाला हसलो? मीनाक्षीला, की तिला हसणाऱ्यांना? आणि राधासारखं आपण बोललो असतो, तर आज रात्री कुठे झोपलो असतो? या शेवटच्या प्रश्नावर बायका जे बोलतील ते दहा व्याख्यानांतून निघणार नाही. हसून मोकळी झालेली बाई जास्त खरं बोलते.