आभाळातून नाचणी दिसत नाही

दावा नामंजूर झाल्याचे कागद पाड्यापाड्यावर येतायत. कारण बहुतेकांवर एकच: "उपग्रह नकाशात 2005 साली शेती दिसत नाही." माझ्या आजीच्या प्लॉटचाही असाच कागद आला. आम्ही कचेरीत विचारायला गेलो. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवला. हिरवा-तपकिरी डाग. "दाखवा, कुठं आहे शेत?" आजीने उलट विचारलं, "फोटू कधीचा?" तो म्हणाला, डिसेंबरचा. आजी म्हणाली, "डिसेंबरात नाचणी कशी दिसंल? ती कापून, झोडून घरात गेली ना!"

तो माणूस गप्प बसला. पण कागद काही बदलला नाही.

साथींनो, आजीने विचारलं ते नीट समजून घ्या. कायद्याने 13 डिसेंबर 2005 ही तारीख धरली. त्या दिवशी जमीन आपल्या ताब्यात होती का, एवढाच प्रश्न. पण नाचणी-वरई उभी असते पावसाळ्यात. तेव्हा आभाळ भरलेलं, आणि हे फोटो काढणारा कॅमेरा ढगातून बघू शकत नाही. ढग जातात तोवर पीक कापलेलं असतं. पीक असतं तेव्हा कॅमेरा आंधळा, कॅमेऱ्याला दिसतं तेव्हा वरकस जमीन उघडी. वर आपण बांधावरचा आंबा, मोह तोडत नाही. त्याची सावली वरून जंगलच दिसते. झाड राखलं याची ही शिक्षा!

आता ठिपक्याचं बघा. उपग्रहाचा फोटो ठिपक्यांचा बनतो. आपल्या देशाच्या लिस-3 कॅमेऱ्याचा एक ठिपका साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढाच रुंद. हिशोब करा, साडेपाच गुंठे होतात. एवढ्या जागेला एकच रंग. त्यात कातकऱ्याचा पाच गुंठ्यांचा तुकडा कसा उमटणार? बारीक ठिपक्याचे कॅमेरेही आहेत. मग आपला दावा कुठल्या फोटोवर उडवला? कागदावर ते लिहीत नाहीत.

तिसरी गोष्ट मापाची. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट नावाच्या मापावर काढलेले. जीपीएस मशीन डब्ल्यूजीएस-84 या मापावर चालते. एकाने वडापासून मोजलं, दुसऱ्याने विहिरीपासून, असा प्रकार. सॉफ्टवेअरमध्ये एक माप दुसऱ्यात नीट बदललं नाही, तर आपल्या भागात प्लॉट साधारण शंभर मीटर सरकतो. तुमचं शेत ओढ्यात नाहीतर दाट जंगलात जाऊन बसतं. मग शेरा येतो, शेती दिसत नाही.

साहेब लोक म्हणतात, मशीन खोटं बोलत नाही. बरोबर आहे. पण मशीनला काय विचारायचं, कुठला फोटो दाखवायचा, कुठला रकाना ठेवायचा, हे माणूस ठरवतो. त्या पडद्यावर म्हाताऱ्या माणसांच्या जबाबाला रकानाच नव्हता. आणि एवढी तीक्ष्ण नजर असेल तर 4 एप्रिल 2013 ला शिळफाट्यावर जी बेकायदा इमारत कोसळून 74 माणसं मेली, ती सात मजले चढेपर्यंत कुणाला कशी दिसली नाही? गरिबाचा बांधच तेवढा तपासायचा का?

कायदा आपल्या बाजूने आहे. 6 सप्टेंबर 2012 ला नियम दुरुस्त झाले. नियम 12-अ सांगतो की उपग्रह फोटो हा इतर पुराव्यांना जोड आहे, त्यांची जागा तो घेऊ शकत नाही. नियम 13 मध्ये जाणत्या माणसांचा लेखी जबाब, घर, बांध, सपाट केलेली जमीन, हे सगळे पुरावे धरलेत. 2013 च्या मे महिन्यात गुजरात हायकोर्टानेही फक्त फोटोवर दावे उडवणं चुकीचं ठरवून ते पुन्हा तपासायला लावले. त्याच गुजरातेत डेडियापाडा-सागबाऱ्याकडच्या आदिवासी पोरांनी स्वतः जीपीएस धरून प्लॉट मोजले. मशीन काही कुणाच्या बापाची नाही. आपणही शिकू.

म्हणून प्रत्येक वनहक्क समितीने एवढं करावं:

1. मोजणीला दावेदार आणि समिती हजर पाहिजे. कोऱ्या फॉर्मवर सही-अंगठा द्यायचा नाही.

2. प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश तिथंच आपल्या वहीत उतरवून घ्या.

3. नामंजूर दाव्यात लेखी मागा: फोटोची तारीख, कॅमेरा कुठला, ठिपका केवढा, नकाशा कुठल्या मापावर. प्लॉटची फाईल केएमएल किंवा जीपीएक्समध्ये मागा. ती कल्याण स्टेशनबाहेरच्या सायबर कॅफेतही उघडून बघता येते. दिली नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज टाका.

4. वनखात्याचे आणि महसुलाचे नकाशे ग्रामसभेला देणं उपविभागीय समितीवर बंधनकारक आहे, नियम 6. ते मागून घ्या.

5. निर्णय कळल्यापासून 60 दिवसांत अपील. कागद घरात आड्याला खोचून ठेवू नका.

आजीचं अपील आम्ही टाकलंय. सोबत चार म्हाताऱ्यांचे जबाब आणि बांधाचा पंचनामा. ज्यांनी तिला नांगर धरताना पाहिलं त्यांचं डोळ्यांनी बघितलेलं खरं, की आभाळातला डाग खरा, हे आता त्यांनी लेखी सांगावं.

जिंदाबाद!