कुरळ्या केसांचा गुन्हा काय?

लग्नसराई तोंडावर आली की तालुक्याच्या गावातही पार्लरच्या काचेवर नव्या पाट्या झळकू लागतात. स्मूदनिंग, रिबाँडिंग, केराटिन आणि आता तर ‘हेअर बोटॉक्स’! नावं वेगवेगळी, पण बहुतेकींना हवं असतं ते एकच. कुरळे, फुगणारे केस सुतासारखे सरळ व्हायला हवेत. जिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे तिला तर घरातलेच सुचवतात, ‘जरा केसांचं काहीतरी कर बाई!’ या ‘काहीतरी’ची किंमत पैशात किती आणि तब्येतीत किती, याचा हिशेब मैत्रिणींनो, आज मांडायला हवा. गेल्या काही वर्षांत जगात या विषयावर बरंच काही घडलं आहे. आपल्या पार्लरच्या खुर्चीपर्यंत मात्र ते पोचलेलं नाही.

मुळात केस कुरळे का असतात? केस त्वचेतल्या ज्या इवल्याशा पिशवीतून उगवतो, ती वाकडी असली की केसही वळत वळत वाढतो. हे वळण नाकाडोळ्यांसारखंच आईवडिलांकडून येतं. तो काही आजार नाही आणि आळशीपणाची खूण तर नाहीच. तरी ‘झिंज्या’, ‘पिंजारलेलं डोकं’, ‘कावळ्याचं घरटं’ असली विशेषणं मुलीला शाळेपासून ऐकावी लागतात. गंमत बघा, तान्ह्या बाळाच्या कुरळ्या जावळाचं आपल्याला कोण कौतुक! राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याची देवदेवतांची चित्रं घरोघरी पोचली. त्या चित्रांतल्या लक्ष्मी-सरस्वतीचे केस एकदा निरखून बघा. लाटालाटांचे, मोकळे सोडलेले. देव्हाऱ्यावरच्या तसबिरीत जे केस आपण हात जोडून बघतो, तेच सुनेच्या डोक्यावर आपल्याला खटकतात!

अमेरिकेत तर हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. अलाबामा राज्यात 2010 मध्ये चॅस्टिटी जोन्स या कृष्णवर्णीय मुलीला नोकरी मिळाली होती. पण केसांच्या बटा वळून ठेवल्या होत्या, त्या कापायला तिने नकार दिला आणि हातातली नोकरी गेली. 2016 मध्ये अपिलाच्या न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. केसांची रचना बदलता येते, वर्ण बदलता येत नाही, म्हणून हा वर्णभेद नव्हे, असा त्या निकालाचा साधारण अर्थ होता. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियातल्या मुलींच्या एका शाळेत विद्यार्थिनी रस्त्यावर आल्या. निसर्गाने दिलेले दाट, कुरळे केस ‘नीटनेटके’ नाहीत म्हणून शाळेत बोलणी खावी लागतात, अशी त्यांची तक्रार होती. ज्या देशात वर्णभेदाच्या काळात केसात पेन्सिल खोचून ती खाली पडते की अडकते यावरून माणसाचा वंश ठरवला जाई, त्या देशातल्या शाळकरी मुलींनी हा प्रश्न विचारला, हे महत्त्वाचं.

पुढे 2019 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने ‘क्राऊन ॲक्ट’ नावाचा कायदा केला. क्राऊन म्हणजे मुकुट. नैसर्गिक केसांवरून किंवा ते वळण्या-बांधण्याच्या पद्धतीवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करायचा नाही, असं हा कायदा सांगतो. त्यानंतर वीसहून जास्त राज्यांनी असे कायदे केले. संपूर्ण देशासाठीचं विधेयक 2022 मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडकलं.

त्यांचं दुःख आणि आपलं दुःख एकच आहे असं मी म्हणणार नाही. तिथे केसांमागे गुलामगिरीचा इतिहास आहे. आपल्याकडे कुरळ्या केसांवरून कुणी नोकरीचं पत्र परत घेतल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आपल्याकडे हे काम कांदेपोह्यांच्या बशीसमोर होतं, तेही गोड बोलून. पण मोजपट्टी दोन्हीकडे सारखीच आहे. दुसऱ्याच कुणाचे तरी केस ‘बरोबर’ आणि आपले ‘चूक’. एकदा आपले केस चूक ठरले की ते ‘दुरुस्त’ करण्यासाठी आपण काहीही डोक्याला लावून घ्यायला तयार होतो. खरा धोका इथेच आहे.

केस सरळ होतात म्हणजे नेमकं काय होतं? केसातल्या प्रथिनाचे धागे एकमेकांना बांधून ठेवणारे दुवे असतात. रिबाँडिंगमध्ये रसायनाने हे दुवे तोडतात, केस तापलेल्या इस्त्रीने सरळ करतात आणि मग दुसऱ्या रसायनाने ते दुवे पुन्हा पक्के करतात. केराटिन नावाच्या प्रकारात तर नावच फसवं आहे. यातल्या अनेक द्रावणांतून गरम इस्त्री फिरवली की फॉर्माल्डिहाइड वायू निघतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो तो त्यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच फॉर्माल्डिहाइडला माणसात कॅन्सर घडवणारा पदार्थ ठरवलं आहे.

2022 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. 33,497 स्त्रियांची माहिती जवळजवळ 11 वर्षं गोळा केली होती. केस सरळ करण्याची रसायनं कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण 1.64 टक्के, तर ती वरचेवर वापरणाऱ्यांमध्ये 4.05 टक्के, असा अंदाज निघाला. वरचेवर म्हणजे वर्षात चारपेक्षा जास्त वेळा, हेही लक्षात घ्या. एकदा केलं म्हणजे आजार जडलाच, असं हा अभ्यास म्हणत नाही. रसायनामुळेच कॅन्सर झाला हेही त्यातून सिद्ध होत नाही. पण आपण डोळे उघडावेत एवढं त्यात नक्कीच आहे.

दुसरी बातमी 2024 सालची. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या मान्यवर नियतकालिकात फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका 26 वर्षांच्या मुलीची हकिगत लिहिली. 2020, 2021 आणि 2022 अशी तीन वेळा तिने केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा उलट्या, ताप, पाठदुखी होऊन तिच्या मूत्रपिंडांचं काम बिघडलं. त्या क्रीममध्ये ग्लायॉक्सिलिक ॲसिड होतं. डॉक्टरांनी ते क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून पाहिलं, तर त्यांच्या मूत्रपिंडात खड्यासारखे कण साचले. मुद्दा असा, की ‘आमच्यात फॉर्माल्डिहाइड नाही’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या मालात अनेकदा हेच ॲसिड असतं. म्हणजे आगीतून फुफाट्यात!

आता थोडं पार्लर चालवणाऱ्या बाईबद्दल. गिऱ्हाईक वर्षातून एकदा त्या धुरात बसतं, पण ती रोज बसते. आमच्या बचत गटांतून किती मुलींनी पार्लरचे कोर्स केले! घरातल्याच एका खोलीला पडदा लावून त्या संसाराला हातभार लावताहेत. त्या खोलीला बहुधा खिडकी नसते, असली तर एसीसाठी बंद. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने 2011 मध्येच सलूनमधल्या कामगारांसाठी या धुराबद्दल इशारा दिला होता. आपल्या मुलींना कोर्समध्ये इस्त्री कशी धरायची ते शिकवतात, श्वास कसा सांभाळायचा ते कोण शिकवणार? महिला मंडळांनी, बचत गटांनी प्रशिक्षण भरवताना हा प्रश्न विचारायलाच हवा. बाटलीवर फॉर्माल्डिहाइड, फॉर्मालिन, मिथिलीन ग्लायकॉल, ग्लायॉक्सिलिक ॲसिड यातलं काही लिहिलंय का, ते बघायचं. बिनलेबलचं, सुटं द्रावण तर हातातही धरायचं नाही.

‘मग काय झिंज्या तशाच सोडून फिरायचं?’ असं कुणी विचारेल. मुळीच नाही. कुरळ्या केसांची निगा वेगळी असते, एवढंच. आपण त्यांना सरळ केसांचे नियम लावतो आणि मग ते ऐकत नाहीत म्हणून चिडतो. टाळूचं नैसर्गिक तेल वळणावळणांतून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून हे केस कोरडे पडतात आणि फुगतात. त्यांना ओलावा हवा. रोज शाम्पू नको. धुण्याआधी खोबरेल तेल जरूर लावा. कोरडे केस विंचरले की गुंता वाढतो आणि केस तुटतात. म्हणून ओल्या केसांत कंडिशनर असतानाच, रुंद दातांच्या कंगव्याने, टोकापासून वर वर जात गुंता सोडवा. खरखरीत टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुन्या सुती साडीच्या मऊ तुकड्यात केस दाबून पाणी टिपा.

केस बसवायला महागडं जेलही लागत नाही. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळा. अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की कोमट असतानाच गाळा, कारण गार झाल्यावर ते गाळताच येत नाही. ओल्या केसांना हे लावून बटा मुठीत हलकेच चुरगळायच्या आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. रात्री उशीवर जुन्या रेशमी साडीचा तुकडा घातला की केस कमी घासले जातात. पहिल्या धुण्यात चमत्कार होणार नाही. आधी रसायन लावून घेतलं असेल तर तो भाग पुन्हा पहिल्यासारखा वळणार नाही. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर नवा केस येतो, तेवढा धीर धरायचा आणि खालचा भाग थोडा थोडा कापत जायचा.

आताशा पडद्यावरही कुरळे केस दिसू लागलेत. 2016 मध्ये पेला वाजवत जुनं मराठी गाणं म्हणणारी मिथिला पालकर आपल्या कुरळ्या केसांसकटच घरोघरी आवडती झाली. पण तिच्याकडे बघून आपल्या मुली लगेच धीट होतील असं नाही, कारण त्यांना पसंत-नापसंत करणारे पडद्यावर नसतात, घरात असतात. म्हणून हे काम आपलंच आहे. जिला केस सरळ करायचेच आहेत तिला कुणी अडवू नये, केस तिचे आहेत. पण ती ते हौसेने करतेय की कुणाच्या तरी नाक मुरडण्याला घाबरून, एवढं आपण तिला विचारू शकतो. आणि सून बघायला जाऊ तेव्हा शिक्षणाबद्दल बोलावं, कामाबद्दल बोलावं, स्वभाव समजून घ्यावा. केसांवर अवाक्षर काढू नये. यासाठी आपल्याला कोणत्याही कायद्याची वाट बघावी लागणार नाही.