छोटा उदेपूरची ‘सेवा-सहल’: जरा स्पष्टच लिहिते



दिवाळी सरली की आपल्या ग्रुपवर तेच फोटो यायला लागतात. अमुक मंडळाच्या युवा शाखेने छोटा उदेपूरकडच्या पाड्यावर ब्लँकेटं, वह्या, बिस्किटांचे पुडे वाटले. मागे बॅनर, पुढे रांगेत उभी केलेली राठवा मुलं, आणि खाली आपण सगळे हात जोडून ‘खूप छान उपक्रम’. कुणा एका मंडळाचं नाव घेत नाही, कारण बहुतेक सगळीच हे करतात. पण सत्तरी उलटली आहे, आता गप्प बसवत नाही. ह्याला सहल म्हणा, खुशाल जा. सेवा म्हणू नका.

आधी एक विचारते. छोटा उदेपूर म्हणजे कुठला परमुलूख? २०१३ साली वेगळा जिल्हा झाला, तोवर ते आपल्या वडोदरा जिल्ह्यातच होतं. बसने शंभर-एक किलोमीटर. आणि तिथली माणसं तर त्याहून जवळ आहेत. गोत्री, वासणा, मांजलपूरला आपण वाडे सोडून फ्लॅटमध्ये गेलो, त्या इमारतींवर विटा-रेती कुणी वाहिली? छोटा उदेपूर, दाहोद, पंचमहालहून आलेल्या आदिवासी बायाबापड्यांनीच की! साईटवर प्लास्टिकच्या झोपडीत राहून, पोरं वाळूच्या ढिगावर ठेवून. ती पोरं वर्षभर आपल्या गेटसमोर असतात. तेव्हा त्यांच्या शाळेची चौकशी कुणी केली? आपल्याला ती दिसतात ती बस भाड्याने केल्यावरच.

आता म्हणाल, ‘थंडीत ब्लँकेट मिळालं तर वाईट काय?’ काहीच नाही. मग गावच्या शाळेत विचारा, काय हवंय, किती हवंय, आणि पाठवून द्या. त्यासाठी आठ वर्षांच्या पोराला हात पसरून कॅमेऱ्यापुढे उभं का करायचं? आपल्या नातवाचा असा फोटो कुणी लावलेला चालेल आपल्याला?

आपल्यातच खरं काम केलेली माणसं आहेत. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंबरोबर बालशिक्षण शिकल्या-शिकवल्या आणि १९४५ साली बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. वारल्यांची मुलं शाळेत येईनात, तेव्हा ह्या बायांनी बालवाडीच पाड्यात, अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. १९५७ साली कोसबाडला गेल्या आणि शेवटपर्यंत त्याच कामात राहिल्या. बाबा आमट्यांनी १९६७ पासून सोमनाथला तरुणांची छावणी भरवली ती ऐन मे महिन्यात. तिथे कुदळ-फावडं हातात घ्यायचं, घाम गाळायचा. आणि आपल्याच युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवणारे गणेश देवी १९९६ साली नोकरी सोडून निघाले, तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली, आदिवासींच्या बोलींत मासिक काढलं. तेजगढ तुमच्या सहलीच्या वाटेवरच आहे. किती बसेस तिथे थांबतात?

बोलीवरून सांगते. मागे एकदा अशा सहलीत मीही होते. आपल्यातल्या एका बाईंनी राठवी बोलणाऱ्या मुलीला सांगितलं, ‘नीट बोल ना!’ अहो, आपण गायकवाडांबरोबर ह्या मुलखात आलो, अडीचशेहून जास्त वर्षं गुजरातीत राहून घरात मराठी टिकवली, त्याचा केवढा अभिमान! मग दुसऱ्याची बोली तेवढी गावठी कशी?

त्याच दिवशी आपल्या मुलांनी एका घरात पिठोऱ्याच्या भिंतीला पाठ टेकून सेल्फी काढले. पिठोरा म्हणजे शोभेचं चित्र नाही. नवस फेडण्यासाठी भिंत सारवून, बडव्याला बोलावून, ढोल वाजवून, लखाऱ्यांकडून ते घोडे लिहून घेतात. तो त्या घरचा देव आहे. आपल्या देवघरात कुणी चपला घालून शिरलं तर? त्याच कलेसाठी परेश राठवांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडून शिकायला जायचं, की त्यांच्या पोरांना खडूची पेटी देऊन उपकार करायचे?

‘मुलं मोबाइल सोडून काही करतायत, त्यालाही नावं ठेवता?’ असं माझा भाचाच म्हणतो. मुलांना मी बोलत नाहीये. मुलं चांगलीच आहेत. आपण त्यांना शिकवतोय की आपण देणारे आणि ते घेणारे, आणि एका दुपारीत हिशेब संपला. हे एकदा डोक्यात बसलं की जन्मभर जात नाही.

ह्या वर्षी कमिटीत बसलेल्यांनी एवढं करा. बसचे पैसे वाचवा. आपल्या सोसायटीशेजारच्या साईटवरची दोन पोरं रोज तासभर शिकवा, त्यांचं नाव शाळेत लागेल ते बघा, आणि त्यांच्या आईची मजुरी वेळेवर मिळते का ते बिल्डरला विचारा. फोटो आला नाही तरी चालेल.

पटत नसेल तर खाली लिहा, भांडू. पण लिहिण्याआधी एकदा गेटबाहेर जाऊन त्या पोरांची नावं विचारून या.