विटाळ पाळणाऱ्या देशात ऑटोक्लेव्ह कोण तपासणार?

दाढ दुखते म्हणून माणूस दवाखान्यात जातो. तो जीव गमावायला जात नाही. पण तमिळनाडूतील तिरुपत्तूर जिल्ह्यातल्या वाणियंबाडी शहरात 2023 मध्ये नेमके तेच घडले. एका खाजगी दातांच्या दवाखान्यात उपचार घेतलेल्या दहा जणांना मेंदूचा जंतुसंसर्ग झाला. त्यातले आठ जण मेले. माती आणि पाण्यात राहणारा एक जंतू त्यांच्या शरीरात शिरला होता. याबाबतचे संशोधन 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. दवाखान्यात वापरात असलेल्या सलाईनमध्येच तो जंतू सापडला. निर्जंतुक न केलेल्या हत्याराने सलाईनची बाटली उघडायची, सैल झाकून ठेवायची आणि तीच पुन्हा पुढच्या रुग्णासाठी वापरायची, असा तिथला कारभार होता.

आम्हाला यातून एक सवाल विचारायचा आहे. या देशाने हजारो वर्षे स्वच्छतेच्या नावाखाली माणसाला माणसापासून दूर ठेवले. कोणाची सावली चालते, कोणाच्या हातचे पाणी चालते, याचे बारीकसारीक नियम केले. मग एकाच्या तोंडातले हत्यार दुसऱ्याच्या तोंडात जाताना हा देश गप्प कसा बसतो?

उत्तर सोपे आहे. विटाळ आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे 1929 मध्ये छापून आलेले पत्र दिले आहे. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत शिरायला तयार नव्हता. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावले, आणि ते त्याच वाटेने परत गेले. ती बाई वाचली नाही. तिथे प्रश्न जंतूचा नव्हता, जातीचा होता. जंतू जात पाहत नाही. म्हणून जंतूविरुद्धचा नियमही सगळ्यांना सारखाच असावा लागतो. निर्जंतुकीकरण ही समतेची गोष्ट आहे, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

आता विज्ञान काय सांगते ते पाहू. हत्यारे साबणाने धुणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही. पाणी 100 अंशांना उकळते आणि काही जंतूंचे बीजाणू त्यातही तग धरतात. म्हणून ऑटोक्लेव्ह लागतो. दाबाखालची वाफ 121 अंशांवर किमान 15 मिनिटे, किंवा 134 अंशांवर सुमारे 3 मिनिटे. निळ्या दिव्याची पेटी ही निर्जंतुक केलेली हत्यारे ठेवायची जागा आहे, ती ऑटोक्लेव्हचे काम करत नाही. दातांच्या कामात रक्त येतेच, आणि हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो. त्यामुळे 'आमच्याकडे कधी काही झाले नाही' हे उत्तर चालणार नाही. हा आजार दवाखान्याचा पत्ता सांगत येत नाही.

आणि कायदा? केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्याचा 1949 चा नर्सिंग होम कायदा मुळात रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे. गल्लीतला दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना या दोन्हींच्या मधल्या फटीत बसतो. डॉक्टरची नोंदणी होते, पण त्याचा ऑटोक्लेव्ह चालतो की नाही हे नियमितपणे पाहणार कोण?

या साखळीत आणखी दोन माणसे आहेत, ज्यांची चर्चा होतच नाही. एक, दवाखान्यात हत्यारे धुणारी दहावी-बारावी शिकलेली मुलगी. दुसरा, सकाळी घंटागाडीवर कचरा वेगळा करणारा सफाई कामगार. हे दोघे बहुतेक वेळा कोणत्या वस्तीतून येतात हे आम्ही वेगळे सांगायला नको. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम लहान दवाखान्यालाही लागू आहेत. सुया आणि पाती न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, आणि हा कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस, हे सगळे त्यात लिहिलेले आहे. तरीही सुई घरगुती कचऱ्यात आली, तर ती कोणाच्या बोटात घुसते? मालकाच्या नक्कीच नाही.

काहीजण म्हणतील, एवढे नियम लावले तर उपचार महागतील आणि गरीब माणूस रस्त्यावरच्या दात काढणाऱ्याकडे जाईल. हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. स्वस्त म्हणजे असुरक्षित, असे गृहीत धरणे म्हणजे गरिबाचा जीव स्वस्त धरणे. खर्चाची खरीच अडचण असेल तर सरकारी दंत महाविद्यालये आणि ग्रामीण रुग्णालयांतील दंत विभाग मजबूत करण्याची मागणी करा. ऑटोक्लेव्ह वगळण्याची सवलत मागू नका. आपल्या समाजातली मुले-मुली आज कर्ज काढून बीडीएस होतात, वस्तीजवळ दवाखाना टाकतात. त्यांना आमचे सांगणे आहे की खुर्ची साधी घ्या, एसी नंतर लावा, पण ऑटोक्लेव्ह आधी घ्या.

मित्रांनो, दवाखान्यात गेल्यावर निदान एवढे विचारा:

1) डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कुठे लावला आहे?
2) हत्यारे बंद पाकिटातून माझ्यासमोर काढणार का?
3) हातमोजे आणि सुई नवीन आहे का?
4) एक्स-रे यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंद आहे का?
5) कचरा कोण नेतो आणि कर्मचाऱ्यांना लस दिली आहे का?

विचारताना संकोच नको. पैसे देऊन उपचार घेणारा रुग्ण ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले आहे.

हाच नियम आपल्या संघटनांनाही लागू आहे. जयंतीला मोफत दंत तपासणी शिबिर घेताय, चांगलेच आहे. पण निर्जंतुक आरशांचे संच जेवढे, तेवढेच रुग्ण त्या दिवशी तपासा. एकच आरसा द्रावणात बुचकळून रांगेतल्या पन्नास तोंडांत घालायचा असेल तर ते शिबिर नको. बॅनरवर बाबासाहेबांचा फोटो असेल, तर टेबलावर विज्ञान असलेच पाहिजे.

आणि पुढच्या महिन्यात आपल्या नगरपालिकेत एक माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शहरात दातांचे दवाखाने किती, त्यातले किती जण जैववैद्यकीय कचरा अधिकृत गाडीला देतात, आणि घंटागाडीवरच्या किती कामगारांना हिपॅटायटिस बीची लस मिळाली आहे? उत्तर हातात पडले की लढाई कुठून सुरू करायची ते कळेल.

जय भीम!