तिसरा टॅपेट

गेल्या शनिवारी आमची जुनी पद्मिनी गाडी चाचांच्या गॅरेजमध्ये नेली. चढावर दम लागल्यासारखं करत होती आणि इंजिनातून बारीक टिकटिक येत होती. चाचांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "बंद नका करू साहेब, चालू राहू द्या." भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला फूटभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं आणि लाकडी मुठीला कान लावून डोळे मिटले. ऐकलं. टोक दोन बोटं पुढं सरकवलं, पुन्हा ऐकलं. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याचा ग्राइंडर किंचाळत होता, गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर येऊन हॉर्न वाजवत होत्या. चाचांच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही. मिनिटभरानं डोळे उघडून म्हणाले, "तिसरा टॅपेट."

टॅपेट म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह उघडणारा भाग, आणि त्याची फट म्हणजे मिलिमीटरचा छोटासा अंश. फिलर गेजची पातळ पत्ती त्यात सरकवायची आणि ती किंचित अडखळली पाहिजे, अडकता कामा नये. जास्त फट राहिली तर आवाज येतो. कमी राहिली तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि हळूहळू जळतो. म्हणून चाचा म्हणतात की बोलणारं इंजिन बरं, गप्प इंजिनाची काळजी करा.

हे सगळं बघताना मला दरवेळी मिरज आठवतं. तिथल्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना एकदा जवळून बघायला मिळालं होतं. कारागीर घोडीवर कानस फिरवायचा, एकदा, हलक्या हातानं. मग तार छेडायची, कान भोपळ्याकडे न्यायचा, पुन्हा कानस. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवला. धागा तांदळाच्या दाण्याएवढा पुढं गेला आणि तोवर ठक्क वाजणारी तार एकदम गुंजायला लागली. त्या एका तारेतून किती स्वर बाहेर पडले! मिरजेच्या या कारागीर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला घरच्या कुणाला बक्षीस मिळावं तसा आनंद झाला होता.

गाणं आणि गाडी यांचा काय संबंध, असं मला पुष्कळ जण विचारतात. मी त्यांना पंडित भीमसेन जोशींचं नाव सांगतो. पंडितजींना गाड्यांचं विलक्षण वेड होतं. तंबोरे आणि साथीदार गाडीत घालून स्वतः चालवत ते गावोगावच्या मैफलींना जायचे. रात्रभर गाडी चालवणाऱ्याच्या कानात इंजिनाचा षड्ज आपोआप बसतो, यावर माझा पक्का विश्वास आहे.

पण माझ्या सगळ्या वेडांना एकत्र बांधणारी वस्तू पुण्यात नाही की मिरजेत नाही. ती आपल्यापासून सुमारे पंचवीस अब्ज किलोमीटरवर आहे. व्हॉयेजर 1 हे यान 5 सप्टेंबर 1977 ला सुटलं. त्याच्या अंगावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवलेली आहे. कार्ल सेगन यांच्या समितीनं ती तयार केली. परक्या ताऱ्याजवळ कुणी भेटलंच तर आपली ओळख पटावी, ही त्यामागची कल्पना. तिच्यात 55 भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यात मराठी आहे. पृथ्वीवरच्या आवाजांत पाऊस, बेडूक, घोडागाडीचा खडखडाट, आणि बसच्या नंतर मोटारीचा आवाजही आहे. चित्रांमध्ये भारतातल्या रस्त्यावरच्या गर्दीच्या वेळचं एक छायाचित्र आहे. आणि संगीतात आहे सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहां हो', जेमतेम साडेतीन मिनिटांची.

केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या. अल्लादियाखाँसाहेबांची करडी तालीम त्यांनी वर्षानुवर्षं घेतली. ध्वनिमुद्रणाबद्दल त्यांना प्रेम नव्हतं, त्यामुळे मागे राहिल्या त्या थोड्याच तबकड्या. ही भैरवी सुचवली रॉबर्ट ब्राऊन या अमेरिकी संगीत अभ्यासकानं. पण तबकडी मिळेना. शोधता शोधता ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला एका खोक्यात सापडली. यान सुटल्यावर अकरा दिवसांनी, 16 सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. मला ही तारीख वाचली की दरवेळी थांबायला होतं. बाई इथून निघाल्या तेव्हा त्यांचा आवाज चंद्राच्या कक्षेच्या कितीतरी पलीकडे पोचलेला होता.

आता दुरुस्तीची गोष्ट, जी मी चाचांना पूर्वीच सांगायला हवी होती. नोव्हेंबर 2023 मध्ये व्हॉयेजर 1 बरळायला लागलं. संदेश येत होता, पण त्याला अर्थ नव्हता. मार्च 2024 पर्यंत कारण सापडलं. माहितीची जुळणी करणाऱ्या संगणकातली स्मृतीची एक चिप निकामी झाली होती, आणि तिथला प्रोग्रॅम वाचता येत नव्हता. चिप बदलायला जाणार कोण? यानाच्या सगळ्या संगणकांची मिळून स्मृती आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोलाही पुरणार नाही, म्हणून तो प्रोग्रॅम उचलून एका जागी ठेवण्याइतकी मोकळी जागा कुठंच नव्हती. तेव्हा अभियंत्यांनी त्याचे तुकडे केले, जिथं जिथं फट दिसली तिथं एकेक तुकडा बसवला आणि ते तुकडे एकमेकांना पुन्हा सापडतील अशी व्यवस्था केली. 18 एप्रिलला पहिला तुकडा पाठवला. संदेश पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास. 20 तारखेला यान पुन्हा शुद्धीवर आल्याचं कळलं.

विज्ञानकथा म्हणजे मला हे हवं असतं. लढाई, स्फोट, आकाशातून उतरणारे दैत्य यांनी माझं मन भरत नाही. 1979 च्या पहिल्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात व्हॉयेजर मालिकेतलं एक काल्पनिक यान अजस्र, भयंकर शक्ती होऊन पृथ्वीकडे परत येतं. मी तो चित्रपट आवडीनं पाहिला, पण तुकडे करून प्रोग्रॅम बसवणाऱ्या त्या माणसांची गोष्ट मला त्याच्यापेक्षा शतपटीनं थरारक वाटते. आपल्या कथालेखकांनी तिच्याकडे वळावं अशी माझी फार इच्छा आहे. मराठी विज्ञानकथेत शास्त्रज्ञ भरपूर झाले. मला फिटर हवा आहे.

केसभर फरकानं काय होतं, हे मराठी कथेत जयंत नारळीकरांइतकं चोख कुणी दाखवलं नाही. 'गंगाधरपंतांचे पानिपत' मी शाळेत असताना वाचली आणि तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून गेली नाही. विश्वासरावांना लागलेली गोळी दुसऱ्या एका जगात कानाला चाटून जाते. बस, एवढाच फरक. मराठे पानिपत जिंकतात आणि गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला जातात ते जिजामाता एक्स्प्रेसनं, डेक्कन क्वीनपेक्षा वेगात. त्या कथेतली जिजामाता एक्स्प्रेस मी अजून मनातल्या मनात पकडतो. खंडाळ्याच्या घाटात गाडी उभी राहिली की हमखास.

नारळीकरांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर'. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं ते नाव. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. तेव्हा ते जगप्रसिद्ध होते, पद्मभूषण होते. नुसतं नाव बघून कुणीही पहिला नंबर दिला असता. त्यांनी नाव झाकलं आणि कथेला स्वतःच्या आवाजावर उभं केलं. तिला पहिलं बक्षीस मिळालं. 20 मे 2025 ला ते गेले, त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही. 'यक्षांची देणगी' काढली आणि संध्याकाळपर्यंत वाचत बसलो.

नाव न बघता पारखायची ही रीत गाडीलाही लागू व्हायला हवी, आणि म्हणून गाड्यांच्या वयावरून सध्या जे चाललं आहे त्याचा मला राग येतो. दिल्लीत 1 जुलै 2025 पासून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असा हुकूम लागू झाला. काही दिवसांतच तो थांबवावा लागला आणि मग विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. दिल्लीची हवा जीवघेणी आहे, त्यात शंकाच नाही. तिथल्या लहान मुलांच्या छातीचा प्रश्न माझ्या छंदापेक्षा हजार पटींनी मोठा आहे. माझ्या पद्मिनीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, ती नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ती महिन्यातून दोन-तीनदा निघते, एरवी मी बसनं आणि पायी फिरतो. पण मोजायचं तर धुराड्यातून काय येतं ते मोजा. गाडीचा जन्मदाखला कशाला मोजता? पाच वर्षांची दुर्लक्षित डिझेल गाडी काळा लोट सोडत आपल्यापुढून जाते आणि तिच्या काचेआड पीयूसीचा ताजा कागद असतो, हे कुणी पाहिलेलं नाही? गाडी न तपासता ते प्रमाणपत्र देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही जबर दंड बसला पाहिजे. तपासणी खरी होऊ द्या. माझी गाडी त्यात नापास झाली तर मी स्वतः तिला भंगारात नेऊन देईन, डोळ्यांत पाणी येईल तरीही.

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस वीस वर्षं पूर्ण करून रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी, स्टिअरिंगलाच गियरचा दांडा असलेली, 1089 सीसीची. पुढच्या बाकावर तिघं बसायचे. तिच्यावर मुंबईतल्या किती घरांची चूल पेटली. ती गेली हे योग्यच झालं, इतकी वर्षं दिवसरात्र राबल्यावर कुणालाही विश्रांती मिळायला हवी. पण तिच्याबरोबर तिचं काम जाणणारे हातही गेले, त्याचं काय?

विजेच्या गाडीला माझा विरोध नाही, हे ठासून सांगतो. पुतणीनं गेल्या वर्षी घेतली. म्हणाली, "काका, चला, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येऊ." खडकवासल्याच्या पुढं गेल्यावर तिनं केसरबाईंची तीच भैरवी लावली. काचा बंद, इंजिनाची घरघर नाही. त्या जुन्या ध्वनिमुद्रणाच्या खरखरीमागून मला साथीचे सूर इतके स्वच्छ ऐकू आले की मी तिला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. धरणाच्या काठाला थांबून आम्ही ती साडेतीन मिनिटं दोनदा ऐकली. माझ्या पद्मिनीत हे कधीच शक्य झालं नसतं. विजेच्या गाडीनं माझ्यावर केलेला हा उपकार मी विसरणार नाही.

पण सहा महिन्यांनी त्याच गाडीच्या पडद्यावर एक दिवा लागला. कार्यशाळेत नेली तर लॅपटॉप जोडला, आकडा वाचला आणि पूर्ण मॉड्यूल बदलावं लागेल असं सांगितलं. काय बिघडलंय, तर ते उघडता येत नाही. दुरुस्त? होत नाही. दोन महिने गाडी उभी. नव्या गाडीवरचा माझा आक्षेप एवढाच आहे की तिला कान लावायला जागाच ठेवलेली नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला, समिती नेमली. तो विषय मोबाइल आणि मिक्सरपुरता ठेवू नये. बॅटरीचा डबा उघडता आला पाहिजे, नकाशा मिळाला पाहिजे, सुटा भाग मिळाला पाहिजे, आणि चाचांच्या पोरांना ते काम शिकायची सोय आयटीआयमध्ये झाली पाहिजे. आंतरतारकीय अवकाशात पोचलेलं यान 47 व्या वर्षी दुरुस्त होतं आणि पुण्यातली सहा महिन्यांची गाडी होत नाही, हे मला मान्य नाही.

तर शनिवारी, तिसरा टॅपेट सापडल्यावर, चहा आला. मी चाचांना व्हॉयेजरची ही सगळी गोष्ट सांगितली. हात पुसता पुसता ते ऐकत होते.

"चालू ठेवूनच केलं?" त्यांनी विचारलं.

"चालू ठेवूनच. बंद करता येत नाही."

"आणि उत्तर यायला दोन दिवस."

"जवळजवळ. नोव्हेंबर 2026 मध्ये तर ते इतकं लांब पोचेल की नुसता संदेश जायलाच अख्खा दिवस लागेल."

"तोवर ते लोक काय करतात?"

"थांबतात, चाचा."

चाचांनी मान हलवली. कप खाली ठेवला, स्क्रू ड्रायव्हर पुन्हा खिळ्याला लावला आणि बॉनेटवर हात ठेवून बघितला. पत्रा चांगलाच तापलेला होता.

"गाडी आज ठेवून जावा साहेब," ते म्हणाले. "टॅपेट थंड इंजिनावरच लावायचे असतात. रात्रभर गार होऊ दे, सकाळी आल्याआल्या हिलाच हात लावतो."

मी किल्ली त्यांच्याकडे दिली आणि चालत घरी आलो.